मासेमारीच्या दालनात पडलेलं पत्र

इनोकेन्ती पाव्हलोविच शुबिन याला आमच्या पेर्ममध्ये सगळे केशा म्हणत. केशा हे नाव इथं घरोघर पोपटांना ठेवतात. त्याच्या सासूकडेही एक होता. "आमचा केशा निदान बोलतो तरी," असं ती दर रविवारी जावयाकडे बघत म्हणायची, आणि जावई दर रविवारी मान खाली घालून खिमा भरलेल्या आणखी चार पेल्मेनी ताटात घ्यायचा.

बोलण्याच्या बाबतीत तो खरंच गरीब होता. वय सत्तेचाळीस, पंपांचे आराखडे काढणाऱ्या संस्थेत अभियंता. शहाण्णव सालात पंप कुणालाच नको होते, त्यामुळे संस्थेत शांतता भरपूर. त्या शांततेत केशा लिहायचा. शहरात सव्वाशे माणसांचं एक जाळं होतं: घरच्या संगणकाला मोडेम लावायचा, संध्याकाळी ठरलेल्या यंत्राला फोन करायचा, आपली पत्रं द्यायची, आलेली घ्यायची. पत्रं दोन जातींची. खाजगी पत्र ज्याचं त्याला. बाकीची दालनांत पडायची, म्हणजे सगळ्यांनी वाचायची. मोटारींचं दालन, मांजरींचं, कवितांचं (तिथं मारामाऱ्या फार), मासेमारीचं.

ही पत्रं वाचायला-लिहायला जो एडिटर लागतो, तो केशा सांभाळत असे. त्याचं नाव 'पेरो', म्हणजे लेखणीचं पीस. तो त्यानं निर्माण केलेला नव्हता. मूळ लेखक दूरदेशीचा कुणीतरी. त्यानं सोबतच्या टिपणात लिहून ठेवलं होतं की हा प्रोग्राम कुणाचाही नाही, घ्या, मोडा, जोडा, मला विचारू नका. मग तो हॉलंडच्या एका दंतवैद्याकडे गेला, त्याला जुळं झाल्यावर आणखी कुणाकडे, असं करत करत आमच्याकडे पोचला. आमच्या इमारतींच्या दाराशी बाक असतात ना, त्यांतली गत. बसतात सगळे. फळी मोडली की महिनाभर सगळे तिच्याकडे दुःखानं बघतात, आणि मग एक मुकाट माणूस खिळे घेऊन येतो.

केशा खिळे घेऊन आला तो बायकोपायी. परदेशी प्रोग्रामांना आपल्या रशियन लिपीतलं मोठं 'न' अक्षर दिसलं की ते गिळून टाकायचे. बायकोचं नाव नीना. केशानं पत्रात कुठंही तिचा उल्लेख केला की पलीकडे 'ईना' पोचायची. "तुझ्या सासूनं ठेवलेलं माझं नाव तुझ्या यंत्रानं खाल्लं," नीना म्हणाली, "आता तूच तिला सांग." सासूला सांगण्यापेक्षा प्रोग्राम दुरुस्त करणं सोपं होतं. तेव्हापासून चार वर्षं 'पेरो' त्याच्याच गळ्यात.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी त्यानं आवृत्ती दोन पूर्णांक सात सोडली. तिच्यात नवं एवढंच होतं, की दालनांची यादी अक्षरांच्या क्रमानं लागायची. हे मागितलं होतं सावेली निकानोरिच त्युनिननं. सावेली सहासष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं कामा नदीवरच्या बोटींत इंजिनं सांभाळलेला, आणि मासेमारीच्या दालनाचा चालक. "केशा, त्या यादीत माझं दालन शोधता शोधता डोळे जातात रे माझे. बोटीवरसुद्धा पान्हे ओळीनं टांगलेले असायचे," असं त्यानं तीन महिने टुमणं लावलं होतं. केशानं पान्हे ओळीनं टांगले. अकरा जणांनी नवी आवृत्ती त्याच रात्री उतरवून घेतली.

शुक्रवारी दुपारी चार वाजता केशा संस्थेतल्या यंत्रावर दिवसाचं टपाल चाळत होता. शहराचं मुख्य यंत्र शेजारच्याच खोलीत, त्यामुळे त्याला फोन करावा लागत नसे. मासेमारीच्या दालनात एक नवं पत्र होतं. लिहिणारा रुस्तेम गलिम्झ्यानोव, त्याचा जुना दोस्त. कुणाला, तर केशाला. मासेमारीत रुस्तेमला माशाचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं हेही कळत नसे. केशानं पत्र उघडलं.

"केशा, हे फक्त तुझ्यासाठी. सावेलीच्या छातीचा फोटो आला. वाईट आहे. डॉक्टरांनी एकट्या आलेव्हतीनाला सांगितलंय, फार तर वर्षभर. तिला ते त्याला स्वतःच सांगायचंय, पण बर्फ फुटल्यावर. ही हिवाळी मासेमारी त्याला सुखानं करू दे म्हणते. माझ्या बायकोचे हात धरून रडली. तू भेटशील तेव्हा तोंडावर काही दिसू देऊ नकोस."

रुस्तेमची बायको इस्पितळात क्ष-किरण विभागात होती. आलेव्हतीना म्हणजे सावेलीची बायको. आणि हे पत्र पडलं होतं सावेलीच्या स्वतःच्या दालनात.

केशाला आधी सावेली दिसला, मग लगेच आपली चूक दिसली. 'पेरो' दालनं नावानं नाही, क्रमांकानं लक्षात ठेवायचा. खाजगी टपाल होतं तीन क्रमांकाला. यादी अक्षरांनी लावल्यावर तिसऱ्या जागी मासेमारी आली होती. रुस्तेमनं सकाळी कामावर जाण्यापूर्वी नव्या आवृत्तीत खाजगी उत्तराची कळ दाबली, आणि केशाच्या प्रोग्रामनं इमानदारीनं ते तीन क्रमांकात टाकलं. घाईघाईनं त्यानं सगळी दालनं उपसली. सुदैवानं भलतीकडे गेलेलं पत्र हे एकच होतं.

यंत्राची लाइन सकाळी आठला बंद व्हायची, ती संध्याकाळी सात वाजता शहरासाठी पुन्हा उघडत असे. आणि गेली चार वर्षं सात वाजून शून्य मिनिटांनी पहिला फोन असायचा तो सावेलीचा. त्यात त्याला बोट वेळेत सुटल्याचा आनंद मिळायचा. बाकीचे आठ मासेमार जेवणं आटपून नऊनंतर यायचे.

केशा शेजारच्या खोलीत गेला. यंत्राची राखण करणारी तामारा एदुआर्दोव्ना तिथं लोणच्याच्या बरणीत चहा करत होती. ही मूळची एस्टोनियातल्या तालिनची. घड्याळं तिच्याकडे बघून वेळ लावतात असं आम्ही म्हणायचो.

"तामारा एदुआर्दोव्ना, मासेमारीतलं एक पत्र काढायचंय."

"कुणाचं?"

"रुस्तेमचं. मला आलेलं."

"मग रुस्तेमला काढू दे."

"तो कारखान्यात आहे. पत्र खाजगी आहे हो. माझ्या चुकीनं तिथं पडलंय."

"वाटेतल्या पत्राला हात लावायचा नाही, इनोकेन्ती पाव्हलोविच. ज्यानं लिहिलं त्यानंच मागं घ्यायचं. हा नियम कुणी आणला?"

नियम केशानंच आणला होता. तीन वर्षांपूर्वी यंत्र ज्याच्याकडे होतं तो गृहस्थ, आपल्याला न आवडलेली पत्रं गुपचूप गाळायचा. तेव्हा उद्यानात भरलेल्या सभेत केशा बाकावर उभा राहून सहा मिनिटं बोलला होता. आयुष्यातलं त्याचं एकमेव भाषण.

"मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या," तामारा म्हणाली. "हातमोजे काढून. उणे चौदा होतं."

"मग लाइन तरी बंद ठेवा. एकच तास."

"सातला शहर येतं. साडेसातला येकातेरिनबुर्ग. अख्ख्या शहराचं टपाल अडकवायचं, तर कारण काय सांगू?"

"कारण सांगता येत नाही."

तामारानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग मी विचारत नाही. आणि ते पत्र मी उघडलेलंही नाही, वरचं नाव तेवढं पाहिलं. पण मला मालकाचा शब्द हवा. इथं समोर उभा राहून त्याच्या तोंडून, नाहीतर त्याच्या परवलीच्या शब्दानं. आज तुमच्या चांगल्या कारणासाठी काढलं, तर उद्या कुणीतरी वाईट कारण चांगल्या चेहऱ्यानं घेऊन येईल. चहा घेणार?"

केशानं आपल्या खोलीतल्या फोनवरून कारखाना गाठला. नियंत्रण कक्षातला माणूस म्हणाला, "गलिम्झ्यानोव भट्टीवर आहे. साडेसातला सुटेल. घर जळतंय का?"

"नाही."

"कुणी मेलं?"

"नाही हो."

"मग साडेसात."

"निदान निरोप तरी द्या. सुटल्यावर फोन करू नको म्हणावं, फोनवर भागणार नाही. थेट संस्थेत ये."

"संस्थेत ये," माणसानं सावकाश लिहून घेतलं. "प्रेमानं, असं लिहू का खाली?"

साडेसातला सुटला तर ट्रामनं आठ. सात ते आठ. एक तास. सावेलीकडे जावं, तर तो नदीपलीकडे राहायचा, बसनं सव्वा तास, आणि पुलावर बर्फ. बरं, जाऊन सांगणार काय? फोन करून 'आज टपाल घेऊ नका' म्हणावं, तर सावेली 'का?' म्हणणार. खोटं बोलताना केशाचे कान लाल व्हायचे. ते फोनवरूनही ऐकू येतात असं नीनाचं मत होतं.

साडेसहाला तो नुसताच सावेलीची जुनी पत्रं पडद्यावर सरकवत बसला होता. आमच्या जाळ्यात प्रत्येक पत्राच्या तळाशी लिहिणाऱ्याची एक कायमची ओळ असते. कुणी तिथं कविता टाकतो, कुणी शिव्या. सावेलीची ओळ होती: "माझा फोन लागत नसेल तर कापितोलिना फ्योदोरोव्ना बोलते आहे. तक्रारी ५२१७०४ वर."

सावेलीचा फोन जोडफोन होता. दोन घरं, दोन क्रमांक, तार एकच. एकानं रिसीव्हर उचलला की दुसऱ्याचा मुका. शेजारीण कापितोलिना, अडतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त, कुंगूरच्या बहिणीशी काकड्यांच्या लोणच्यावर तासन् तास बोलायची, आणि सावेली मोडेमपाशी बसून भिंतीवर पान्हा ठोकायचा. सहा वर्षं हे युद्ध चाललं होतं. दोघं जिन्यात भेटली तर नमस्कारही करत नसत.

सहा बावन्नला केशानं ५२१७०४ फिरवला.

"हॅलो! जोरात बोला!"

"कापितोलिना फ्योदोरोव्ना? मी... टेलिफोन कार्यालयातून. लाइन तपासतोय. तुम्ही कृपया एक तास बोलत राहा."

"शुक्रवारी सातला टेलिफोन कार्यालयात माणूस असतो? नाव सांगा."

कान तापले. "शुबिन. इनोकेन्ती."

"इनोकेन्ती शुबिन, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. मागच्या बाकावरची पोरं याहून बरं बोलायची. दारू प्यायलायत का?"

"नाही."

"मग काय हवंय?"

केशानं श्वास घेतला. "तुम्ही आठ वाजेपर्यंत फोन खाली ठेवू नये, एवढंच हवंय. कारण सांगता येत नाही. माझ्या हातून एक चूक झालीय. सावेली निकानोरिचना आज सात वाजता टपाल मिळता कामा नये. आठनंतर चालेल."

घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती, ती कुणाकडची हे कळत नव्हतं.

"सहा वर्षं," कापितोलिना म्हणाली, "मी फोनवर बोलले की तो माणूस माझी भिंत फोडतो. दोनदा कॅलेंडर पडलं. आणि आज तुम्ही मला विनंती करताय, बोला म्हणून?"

"हो."

"त्यांचं वाईट व्हावं म्हणून?"

"नाही. त्यांचं वाईट होऊ नये म्हणून."

"हे मात्र खरं बोललात. थांबा, खुर्ची घेते."

सात वाजले. शेजारच्या खोलीत यंत्राची लाइन उघडल्याचा खडखडाट झाला. केशानं रिसीव्हर कानाशी इतका दाबला की दुसऱ्या दिवशीपर्यंत वळ होता. कापितोलिना सांगत होती, काकड्यांना ओकची पानं घालावीत की काळ्या करंटच्या झुडपाची. "हं," केशा म्हणत होता. "हं. ओकची." सात वाजून एक मिनिटानं तारेतून ठक् ठक् ऐकू आलं. पान्हा.

"सुरू झाला," कापितोलिना समाधानानं म्हणाली. "तर मी बहिणीला म्हटलं, ओकमध्ये टॅनिन असतं. टॅनिन म्हणजे काय, शुबिन?"

"टॅनिन... झाडातलं..."

"पाचात दोन गुण, नापास. पुढं ऐका."

सव्वासातला ठोकणं वाढलं. सात चोवीसला थांबलं, आणि ते जास्त भयंकर होतं. पाठोपाठ तिच्या दाराची घंटा वाजली.

"उघडू नका!" केशा ओरडला.

"शेजारी दारात उभा असताना? मला काही वळण आहे. रिसीव्हर बाजूला काढून ठेवते, लाइन तशीच राहील."

रिसीव्हर लाकडावर टेकल्याचा आवाज झाला. मग चपला, कडी, आणि सावेलीचा इंजिनखोलीत कमावलेला आवाज.

"कापितोलिना फ्योदोरोव्ना! माणसानं माणसाशी बोलायला यंत्र शोधून काढलं, लोणचं घालायला नाही!"

"ओरडू नका. जिना ऐकतोय. आत या, पाय पुसा."

"मी काय आत यायला आलोय?"

"मग काय बाहेर राहायला आलात? थंडीत खोकताय. या."

खोकला केशालाही ऐकू आला. सावेली गेले दोन महिने खोकत होता आणि त्याचं खापर बर्फावर फोडत होता. खुर्ची सरकली. कपबशी वाजली. "जाम रास्पबेरीचा आहे, भीती नको," कापितोलिना म्हणाली. मग थोडा वेळ नुसता चमचा. सात एकेचाळीस. केशा श्वास रोखून बसला. चहा दोन घोट का होईना लांबावा एवढंच त्याचं मागणं होतं.

"हा रिसीव्हर बाजूला का पडलाय?" सावेलीचा आवाज एकदम जवळ आला. "हॅलो! कोण बोलतंय?"

केशानं फोन ठेवावा, तर कापितोलिना काही खोटं बोलायची नाही.

"मी ऐकतोय की कुणीतरी श्वास घेतंय. बहीण एवढी जड नाही घेत."

"मी आहे, सावेली निकानोरिच."

"केशा? तू हिच्याशी लोणच्यावर बोलतोयस? बायकोला माहीत आहे?"

"माझ्या नव्या आवृत्तीत चूक आहे," केशानं भरभर सांगून टाकलं. "एक खाजगी पत्र तुमच्या दालनात पडलंय. ज्याचं आहे तो आठला इथं येऊन काढून घेणार आहे. तोवर ते तुमच्यासमोर उघडू नये म्हणून मी..."

"म्हणजे मी दुसऱ्याचं पत्र वाचीन असं वाटलं तुला? चाळीस वर्षं मी बोटीचं टपाल वाहिलं!"

"तुम्ही वाचायच्या आधीच ते पडद्यावर आलं असतं. माझाच प्रोग्राम उघडून दाखवतो."

पुन्हा खोकला. मग आवाज बराच खाली आणून सावेलीनं विचारलं, "माझ्याबद्दल आहे का?"

आयुष्यात केशाला इतकं अवघड काही कुणी विचारलं नव्हतं. "पत्रावर नाव माझं आहे, सावेली निकानोरिच," तो म्हणाला. कान पेटले होते.

पलीकडे चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"मग ते तुझं. माझं नाही." सावेली म्हणाला. "मी इथं चहा घेतो साडेआठपर्यंत. जाम बरा आहे. रुस्तेमला सांग, धावत येऊ नकोस, तुमच्या संस्थेच्या पायऱ्यांवर बर्फ असतो."

फोन बंद झाला. केशा रिसीव्हर हातात धरून तसाच उभा राहिला. रुस्तेमचं नाव त्यानं उच्चारलं नव्हतं.

आठ वाजून सात मिनिटांनी रुस्तेम आला, भट्टीच्या कपड्यांवरच कोट चढवून, भिवया राखेनं पांढऱ्या. पत्र कुठं पडलंय हे ऐकल्यावर तो पायरीवर घसरून पडला असता तरी हादरला नसता इतका हादरला. तामारानं त्याला खुर्ची दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, परवलीचा शब्द दिसू नये म्हणून. रुस्तेमनं पत्र मागं घेतलं. केशानं सगळ्या दालनांत सूचना टाकली: दोन पूर्णांक सात आवृत्ती ताबडतोब काढून टाकावी, ती खाजगी पत्रं उघड्यावर टाकते, चूक माझी, इ. शुबिन.

"त्यानं वाचलं का?" रुस्तेमनं चौथ्यांदा विचारलं.

"नाही वाचलं."

"मग तुझं तोंड असं का?"

साडेआठला लाइनवर सावेलीचा फोन आला, टपाल घेऊन गेला, आणि दहा मिनिटांत पुन्हा आला. मासेमारीत एक पत्र पडलं. तामारानं आवाज देऊन दोघांना बोलावलं. दालनात नियम मोडला की चालक त्या माणसाला 'प्लस' देतो. तीन प्लस झाले की महिनाभर तोंड बंद. सावेलीनं लिहिलं होतं:

"इनोकेन्ती शुबिन यांस. मासेमारीच्या दालनात प्रोग्रामच्या चुकांविषयी लिहिल्याबद्दल एक प्लस. विषयाला धरून लिहावे. रविवारी सकाळी आठला काठावर यावे, बर्फ बारा सेंटिमीटर आहे. रुस्तेमनेही यावे. दोघांनी तोंडे नीट ठेवावीत, मासे घाबरतात. आलेव्हतीनाला यातले काही बोलू नये, ती कापितोलिनाकडे चहा घेतल्याचे मनाला लावून घेईल."

रुस्तेमनं ते वाचलं आणि राखेच्या भिवयांवरून हात फिरवला. तामारा म्हणाली, "इनोकेन्ती पाव्हलोविच, ही शिक्षा आहे. तुम्ही हसताय का?" मग तिनं त्याचा चेहरा पुन्हा पाहिला आणि बरणीत पाणी उकळायला ठेवलं.

रविवारी ते गेले. केशानं एकही मासा धरला नाही. सावेलीनं सात धरले आणि प्रत्येकाचं वजन वाढवून सांगितलं. तोंडं कशीबशी नीट राहिली. नंतर सगळा हिवाळा दर रविवारी गेले.

कामा नदीवरचा बर्फ त्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फुटला. आलेव्हतीनानं त्याच संध्याकाळी सावेलीला सांगितलं. त्यानं मधे एकदाही तिला तोडलं नाही, सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं, असं तिनं पुढं नीनाला सांगितलं. बोलून झाल्यावर चहा त्यानंच केला.